चढावर अडलेली मालगाडी आणि जुने ॲल्को डिझेल इंजिन

खांडबाऱ्याचा भाचा (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. माझे आजोळ नंदुरबार–नवापूर लोहमार्गावर खांडबाऱ्याजवळ आहे. मामांच्या शेताच्या दोन बांधांपलीकडे रूळ होते. मी ज्या काळाबद्दल लिहितो आहे तेव्हा उधना–जळगाव मार्ग एकेरी होता आणि वर विजेच्या तारा नव्हत्या. या मार्गाचे दुहेरीकरण आणि विद्युतीकरण पूर्ण होऊन त्याचे लोकार्पण १६ फेब्रुवारी २०१९ रोजी धुळ्यात झाले. त्या काळी जळगावहून पश्चिमेला उकाईच्या वीजकेंद्राकडे जाणारा कोळसा असो, की सुरतेकडून खानदेशात येणारे खत आणि मीठ असो, सगळ्यांचा भार डिझेल इंजिनांवरच होता.

१९९१ च्या जूनमधली एक संध्याकाळ मला लख्ख आठवते. पहिल्या पावसाची बारीक बुरबुर नुकतीच सुरू झाली होती. नवापूरकडून आलेली भरलेली मालगाडी आमच्या शेतासमोर चढावर हळू होत होत थांबली. इंजिनाने जोर केला, काळ्या धुराचा लोट उठला, चाके जागच्या जागी गरगरली आणि आवाज एकदम खाली आला. असे दोनदा झाले. मामा बैल सोडून बांधावर आले आणि शेजाऱ्याला हाक मारून म्हणाले, "काय व्हयनं भो?" त्यानंतर बराच वेळ काहीच घडले नाही. मग इंजिन थोडे मागे सरकले, वाघिणी एकमेकींवर आदळल्याचा आवाज इंजिनाकडून मागे मागे जात राहिला, आणि पुढच्या प्रयत्नात गाडी एकेक वाघीण उचलत निघाली.

तेव्हापासून माझ्या मनात काही प्रश्न आहेत. इतका धूर सोडणारे, जमीन हादरवणारे इंजिन अडते तेव्हा नेमके काय कमी पडलेले असते? पुढे जायचे असताना ते मागे का सरकले? आणि आपण ज्याला इंजिनाची ताकद म्हणतो ती मोजायची कशाने? धाग्यावर रेल्वेत नोकरी केलेली मंडळी आहेत हे ठाऊक आहे, म्हणून विचारण्याचे धाडस करतो.

भुसावळकर

भाचेबुवा, आपण वर्णन इतके नेमके केले आहे की ते वाचताना माझा हात आपोआप थ्रॉटलवर गेला. माझी सगळी नोकरी रनिंगमध्ये, म्हणजे प्रत्यक्ष गाडी चालवण्यात गेली, आधी सहायक म्हणून आणि मग मालगाडीचा ड्रायव्हर म्हणून. तेव्हा लोको पायलट हा शब्द रुळला नव्हता.

आपण पाहिलेले इंजिन बहुधा डब्ल्यूडीएम-२ असावे. यातला डब्ल्यू म्हणजे रुंद मापाचा मार्ग, डी म्हणजे डिझेल आणि एम म्हणजे प्रवासी व माल अशा दोन्ही कामांचे मिश्र इंजिन. अमेरिकेच्या ॲल्को कंपनीचे हे मूळ डिझाइन. पहिली इंजिने १९६२ मध्ये तयार होऊन तिकडून आली आणि वाराणसीच्या कारखान्यात बांधलेले पहिले इंजिन ३ जानेवारी १९६४ रोजी लालबहादूर शास्त्रींच्या हस्ते बाहेर पडले. ॲल्कोने १९६९ मध्ये इंजिने बांधणे बंद केले, तरी आपल्याकडे तिचा वंश पुढे कित्येक दशके वाढत राहिला. सोळा सिलिंडर, २,६०० अश्वशक्ती, ११२.८ टन वजन, सहा आस आणि प्रत्येक आसाला एक मोटार. डिझेल इंजिन चाके फिरवत नाही, ते जनरेटर फिरवते. जनरेटरची वीज मोटारींना जाते आणि चाके फिरवतात त्या मोटारी. ही गोष्ट लक्षात ठेवली की पुढचे सगळे समजायला सोपे जाते.

आमच्यासमोर डेस्कवर मोटारींचा प्रवाह दाखवणारा लोड ॲमीटर असे, आणि चढावर ड्रायव्हरची नजर रुळांवर जितकी असे तितकीच त्या काट्यावर असे. गाडीचा वेग जसा कमी होतो तसा मोटारींतून जाणारा प्रवाह वाढतो, ओढ वाढते आणि मोटारींची उष्णताही वाढते. काटा लाल भागात गेला की मिनिटे मोजायची, कारण तितका प्रवाह मोटार काही मिनिटेच सोसू शकते. त्यानंतर आतल्या तारांवरचे आवरण जळू लागते. आठव्या नॉचवर, म्हणजे थ्रॉटलच्या सर्वांत वरच्या टप्प्यावर, इंजिन छान गरजत आहे, धूर नाही, पाण्याचे तापमान ठीक आहे आणि तरीही मोटारी भाजून निघत आहेत, असे चढावर घडू शकते. बाहेर उभ्या असलेल्या माणसाला यातले काहीच दिसत नाही.

धुराबद्दल एकच सांगतो. धूर ही ताकद नव्हे, ते अर्धवट जळलेले डिझेल आहे. ॲल्कोचा टर्बो, म्हणजे इंजिनात हवा कोंबणारा पंखा, केवळ बाहेर पडणाऱ्या वायूवर फिरतो. नॉच वाढवताच डिझेल लगेच वाढते, पण टर्बोला वेग घ्यायला काही सेकंद लागतात आणि तोवर हवा अपुरी पडते. त्या काही सेकंदांचा तो काळा लोट. जाणता ड्रायव्हर एकेक नॉच थांबत थांबत देई, आणि त्याच्या इंजिनाचा धूर कमी दिसे.

जळगावचा यंत्रज्ञ

भुसावळकर काकांनी मोटारींच्या उष्णतेची बाजू मांडली आहे. तिला मी हिशेबाची जोड देतो, कारण आकडे मांडल्याशिवाय "काय कमी पडले" याचे उत्तर नीट मिळत नाही.

१०० ला १ असा चढ हिशेबासाठी धरू, म्हणजे १०० मीटर पुढे गेल्यावर १ मीटर वर. अशा चढावर प्रत्येक टन वजनामागे १० किलोची ओढ फक्त चढासाठी लागते. गाडीचे वजन २,००० टन असेल तर २० टन झाले. चाके, बेअरिंग आणि हवेचा विरोध टनामागे अडीच किलो धरला तर आणखी ५ टन. इंजिनाला स्वतःचे वजनही वर न्यायचे आहे, त्याचे टनभराहून थोडे अधिक. एकूण ओढ सुमारे २६ टन झाली.

आता इंजिनाकडे पाहू. डब्ल्यूडीएम-२ ची सुरुवातीची कमाल ओढ सुमारे ३०.४५ टन आहे. हा आकडा तिच्या अश्वशक्तीतून येत नाही. तो ११२.८ टन वजनाच्या २७ टक्के आहे. लोखंडी चाक लोखंडी रुळाला जितके धरून ठेवते तितकीच ओढ मिळते, त्याहून जास्त जोर लावला की चाक घसरते. कोरड्या, स्वच्छ रुळावर २६ टनांची गरज आणि ३० टनांची पकड हे जमते. रूळ ओला आणि तेलकट झाला आणि पकड १५ टक्क्यांवर आली, तर तेच इंजिन १७ टनांपलीकडे काही ओढू शकत नाही. डिझेल तेच, अश्वशक्ती तीच, माणूसही तोच, आणि गाडी मात्र अडते. भाच्याने पाहिलेल्या त्या संध्याकाळी कमी पडली ती पकड.

मग अश्वशक्तीचे काम काय? ती वेग ठरवते. २,६०० पैकी ब्लोअर, कंप्रेसर आणि विजेच्या रूपांतरातली घट वजा जाता चाकांपाशी सुमारे २,००० अश्वशक्ती उरते असे धरू. एक अश्वशक्ती म्हणजे सेकंदाला ७५ किलोग्रॅम-मीटर. २६ टनांच्या ओढीला या हिशेबाने भागले तर वेग सेकंदाला पावणेसहा मीटर, म्हणजे ताशी सुमारे २० किलोमीटर येतो. याच इंजिनाला दुप्पट अश्वशक्ती दिली आणि वजन तेवढेच ठेवले, तर गाडी ४० च्या वेगाने चढेल, पण थांबलेली असताना जी गाडी उचलता येत नव्हती ती तरीही उचलता येणार नाही.

माझ्या मते चढावरच्या इंजिनाकडे पाहताना क्रम असा लावावा: आधी पकड, मग मोटारींची उष्णता, आणि शेवटी अश्वशक्ती. आपण सगळे लहानपणापासून हा क्रम उलटा लावत आलो आहोत.

अमळनेरकर

यंत्रज्ञ साहेब, हिशेब पटला, पण एक शंका आहे. उभी गाडी हलवताना लागणारी ओढ चालत्या गाडीपेक्षा जास्त असते ना? तसे असेल तर २६ आणि ३० यांत जे अंतर आपण दाखवले ते सुरुवातीच्या क्षणी उरतच नसेल.

जळगावचा यंत्रज्ञ

आपली शंका अगदी योग्य आहे आणि मी ती मांडायला हवी होती. उभ्या गाडीच्या बेअरिंगमधला तेलाचा थर दबलेला असतो, त्यामुळे पहिल्या हालचालीचा विरोध चालत्या गाडीच्या दुपटीच्या आसपास जाऊ शकतो. २,००० टनांची अख्खी गाडी एकाच क्षणी हलवायची म्हटले तर ओढ ३० टनांच्या वर जाते, म्हणजे कोरड्या रुळावरसुद्धा कठीण. इंजिन मागे का सरकले याचे उत्तर इथेच आहे, पण ते काकांनीच सांगावे. त्यांनी ते हाताने केले आहे.

भुसावळकर

सांगतो. वाघिणींच्या मधल्या जोडणीत थोडी ढिलाई असते, एका जोडणीत काही सेंटीमीटर. चाळीस वाघिणींची मिळून ती मीटरभराहून अधिक होते. चढावर गाडी थांबते तेव्हा सगळ्या वाघिणी मागे ओढ खात असतात आणि प्रत्येक कपलिंग ताणलेले असते. अशा ताणलेल्या गाडीला पुढे ओढायचे म्हणजे सगळीच्या सगळी एकदम उचलायची.

त्या काळातल्या पुष्कळ मालगाड्यांना व्हॅक्युम ब्रेक होते, म्हणजे नळीतली हवा काढून घेतली की सुटणारे. व्हॅक्युम पुन्हा तयार करताना इंजिनाजवळच्या वाघिणींचे ब्रेक आधी सुटतात आणि शेवटच्यांचे बऱ्याच वेळाने. याच विलंबाचा उपयोग करायचा. मागच्या वाघिणी ब्रेकने जागेवर धरलेल्या आहेत, पुढच्यांचे ब्रेक सुटले आहेत, अशा वेळी इंजिन अलगद मागे घ्यायचे. पुढच्या वाघिणी एकमेकींवर दाबल्या जातात. आपण ऐकलेला मागे मागे जाणारा आवाज तोच. त्यानंतर पहिल्या नॉचवर पुढे निघायचे. आधी एक वाघीण हलते, मग दुसरी, मग तिसरी, आणि शेवटची हलेपर्यंत पुढच्यांना गती आलेली असते. तोवर मागचे ब्रेकही सुटलेले असतात. २,००० टनांची गाडी एकदम न उचलता पन्नास-पन्नास टनांनी उचलली जाते.

ऐकायला सोपे वाटते, पण यात धोका मोठा आहे. ढिलाई झटक्याने संपली तर कपलिंग तुटते आणि चढावर तुटलेली गाडी उताराला लागू शकते. म्हणून गार्डाशी संकेत जुळल्याशिवाय कोणी मागे सरकत नसे, आणि पुढे निघताना नॉच वाढवण्याची घाई करणाऱ्या सहायकाचा हात ड्रायव्हर धरून ठेवी. माझा हात असा अनेकदा धरला गेला आहे. ज्यांनी तो धरला त्यांच्याकडूनच मी हे काम शिकलो.

नंदुरबारी

मी या पट्ट्यात राहणारा. रेल्वेतला नाही, पण दोन गोष्टी सांगण्यासारख्या आहेत.

पहिली पावसाची. जोराचा पाऊस रुळांना धुऊन काढतो आणि त्यानंतर गाड्या बऱ्या चालतात. वाईट असते ती पहिली बुरबुर. उन्हाळाभर साचलेली धूळ, वंगण आणि ब्रेकची काळी भुकटी यांचा तिने चिकट लेप होतो आणि रुळाचा माथा साबण लावल्यासारखा होतो. धागाकर्त्याने जूनच्या पहिल्या सरीचा उल्लेख केला आहे, त्यावरून गाडी का अडली ते आम्हा इकडच्या लोकांना लगेच समजते.

दुसरी गोष्ट सागाची. नवापूर, चिंचपाडा या बाजूला रुळांलगत सागाचे जंगल आहे. पानगळीच्या दिवसांत सागाची ताटाएवढी पाने गळतात आणि वाऱ्याने रुळांवर येतात. चाकाखाली चिरडलेल्या पानाचा जो काळसर थर रुळाला बसतो तो सहज निघत नाही, आणि पहाटेच्या दवात तो पावसाइतकाच निसरडा होतो. ट्रॅकवर काम करणारे आमच्या गावातले लोक हे नेहमी सांगत.

भुसावळकर

नंदुरबारी भाऊंनी लाखमोलाची गोष्ट सांगितली. पहिल्या बुरबुरीला आम्ही मुसळधारेपेक्षा जास्त घाबरत असू.

यावर उपाय म्हणजे वाळू. इंजिनाच्या दोन्ही टोकांना वाळूच्या पेट्या असतात. शेडमध्ये चाळून, सुकवून भरलेली वाळू हवेच्या दाबाने नळीतून चाकासमोर रुळावर पडते. वाळू दमट राहिली तर नळी तुंबते, आणि नेमक्या गरजेच्या वेळी पेडल दाबूनही काही येत नाही. म्हणून पावसाळ्याआधी निघताना मी स्वतः खाली उतरून चारही बाजूंच्या नळ्यांतून वाळू पडते की नाही ते पाहत असे. ज्या दिवशी हे राहून गेले त्या दिवशी मी एका भरल्या गाडीसह चढावर पाऊण तास उभा होतो. मागच्या दोन गाड्या माझ्यामुळे खोळंबल्या. ती चूक माझीच होती आणि ती मी आजही विसरलेलो नाही.

वाळू कधी टाकायची यालाही महत्त्व आहे. चाक घसरू लागल्यावर टाकली तर गरगरणारे चाक एकदम पकड घेते आणि तो झटका मोटारीच्या दातेरी चाकांवर येतो. घसरण्याच्या आधी, चढ लागताना, थोडी थोडी टाकायची. घसरण सुरू झाली की दिवा लागतो, बझर वाजतो आणि इंजिन आपोआप भार उतरवते. तेव्हा नॉच खाली घ्यायचा, पकड आली की पुन्हा एकेक वाढवायचा.

जळगावचा यंत्रज्ञ

यात एक विद्युत बाब जोडतो. कमी वेगात डब्ल्यूडीएम-२ च्या सहा मोटारी दोन-दोनच्या तीन जोड्यांत असतात. प्रत्येक जोडीतल्या दोन मोटारी एकामागोमाग जोडलेल्या असतात आणि तिन्ही जोड्या समांतर. वेग वाढला की सहाही मोटारी समांतर होतात. जोडीतले एक चाक घसरले की त्याची मोटार जोडीच्या वाट्याचा बहुतेक विद्युतदाब स्वतःकडे घेते, आणखी वेगाने फिरते, आणि दुसरीला तो मिळत नाही. म्हणजे एका आसाची घसरण दोन आसांची ओढ बुडवते. चढावर वेग कमीच असल्यामुळे इंजिन याच जोडणीत अडकून असते. जुन्या इंजिनांचे हे खरे दुखणे होते.

रूळवाट

मी हौशी निरीक्षक आहे. काकांना आणि यंत्रज्ञांना विचारावेसे वाटते की एवढी गुंतागुंत करण्यापेक्षा पुढे दोन इंजिने लावली की प्रश्न मिटत नाही का? १९८० च्या दशकात बॉक्सएन या जास्त भार वाहणाऱ्या उघड्या वाघिणी आल्या, ५८ वाघिणींची भरलेली गाडी सुमारे ४,७०० टनांची झाली, आणि ती दोन डब्ल्यूडीएम-२ जोडून चालवतच असत. घाटात मागून इंजिन लावण्याची पद्धत मला वाफेच्या काळाचा अवशेष वाटते.

जळगावचा यंत्रज्ञ

रूळवाट, दोन इंजिनांबद्दल आपण म्हणता ते सौम्य चढांपुरते खरे आहे. १५० ला १ चढावर ४,७०० टनांना चढासाठी सुमारे ३१ टन, विरोधासाठी टनामागे दोन किलो धरले तर ९ टनांच्या वर, आणि दोन इंजिनांचे स्वतःचे दीड टन, मिळून ४२ ते ४३ टन ओढ लागते. दोघांची पकड ६१ टनांपर्यंत जाते, म्हणून ते जमते. दोन इंजिने तारेने जोडून एकाच केबिनमधून चालवता येतात, हीसुद्धा मोठी सोय आहे.

मागून इंजिन लावण्याबद्दल मात्र मी आपल्याशी सहमत नाही. आपला कसारा–इगतपुरीचा थळ घाट ३७ ला १ आहे. तिथे टनामागे २७ किलो लागतात. २,००० टनांच्या गाडीला नुसत्या चढासाठी ५४ टन, विरोधासाठी ५, आणि दोन डब्ल्यूडीएम-२ लावली तर त्यांच्याच वजनासाठी ६. बेरीज ६५ होते, दोघांची कोरड्या रुळावरची पकड ६१ आहे. तिसरे इंजिन लागतेच. ते पुढे लावले तर सगळी ओढ इंजिनामागच्या पहिल्या कपलिंगवर येते. मागे लावले तर पुढचा भाग ओढला जातो, मागचा ढकलला जातो, आणि कपलिंगवरचा ताण बराच कमी होतो. शिवाय कपलिंग तुटले तरी मागच्या वाघिणींना खाली धावू न देणारे कोणीतरी मागे असते. थळ घाटात १९३० च्या आसपासपासून विजेची इंजिने आहेत आणि आजही मालगाडीला मागून बँकर, म्हणजे ढकलणारी इंजिने, लागतात. वाफ जाऊनही ती पद्धत टिकली, कारण कपलिंगची मर्यादा इंजिन बदलल्याने बदलत नाही.

अमळनेरकर

मीटरगेजचा एक दाखला सातपुड्याच्या पलीकडे आहे. खंडवा–महू मार्गावर कालाकुंड ते पातालपाणी हा घाट ४० ला १ चढाचा आहे आणि तिथे वायडीएम-४ ही सहा सिलिंडरची, ७२ टनांची ॲल्को घराण्यातलीच धाकटी इंजिने चालत. कालाकुंडला मागून बँकर लागे, तो मी प्रवासात पाहिला आहे. डिसेंबर २०१८ पासून त्या तुकड्यावर वारसा गाडी चालवली जाऊ लागली. ज्यांना जुन्या डिझेल इंजिनाचा चढावरचा आवाज ऐकायचा आहे त्यांनी तिथे जावे.

रूळवाट

यंत्रज्ञ साहेब, कपलिंगचा मुद्दा माझ्या लक्षातच आला नव्हता. माझे विधान मागे घेतो.

भुसावळकर

चढाबद्दल पुष्कळ लिहून झाले, पण या धाग्यावर उताराबद्दल कोणी बोलले नाही, आणि उकाईच्या कोळशासाठी तोच खरा कठीण भाग होता. भरलेल्या गाड्या जळगावकडून पश्चिमेला जात, म्हणजे एकूण पाहता तापीच्या खोऱ्यातून समुद्राच्या दिशेने, खाली. रिकाम्या वाघिणी घेऊन वर यायचे, त्याला फारसे कष्ट नाहीत. भरलेली गाडी उतारावर ताब्यात ठेवणे हे मात्र चढवण्याइतकेच किंवा त्याहून अवघड आहे, कारण चढावर चुकलात तर गाडी थांबते, उतारावर चुकलात तर ती थांबत नाही.

नुसत्या ब्रेकवर मोठा उतार उतरला तर ब्रेकचे ठोकळे आणि चाके तापतात, आणि व्हॅक्युम वारंवार खर्च करून पुन्हा बनवायला वेळ मिळत नाही. म्हणून डायनॅमिक ब्रेक. उतारावर मोटारींनाच जनरेटर बनवायचे. गाडीचे वजन त्यांना फिरवते, त्या वीज तयार करतात, ती वीज इंजिनातल्या मोठ्या रोधकांत उष्णता होऊन पंख्याने बाहेर फेकली जाते. चाकाला ठोकळा न लावता गाडी धरून ठेवली जाते. याची मर्यादा अशी की वेग फार कमी झाला की त्याचा जोर ओसरतो, थांबण्यासाठी शेवटी ठोकळ्याचाच ब्रेक लागतो. आणि तो सुरू करताना घाई केली तर मागच्या सगळ्या वाघिणी इंजिनावर येऊन आदळतात. आधी ढिलाई हळूहळू आत घ्यायची, मग जोर वाढवायचा. चढावर ढिलाई सोडवण्याची जी कला, तीच उतारावर उलटी.

आमच्या मुलखाची एक गोष्ट पुस्तकात नसते, ती म्हणजे उन्हाळा. भुसावळ-जळगावला वैशाखात पारा ४५ अंशांच्या पुढे जातो. मोटारी थंड करणारा ब्लोअर बाहेरची हीच हवा आत ओढतो, रेडिएटरचा पंखाही हीच हवा वापरतो. जी गाडी पौषाच्या पहाटे विनातक्रार चढते, तीच गाडी वैशाखाच्या दुपारी त्याच चढावर मोटारी लवकर तापवते आणि पाण्याच्या तापमानाचा इशारा वाजवते. इंजिनाच्या माथ्यावर लिहिलेली ताकद एकच असली, तरी खानदेशात ती ऋतूप्रमाणे बदलते असे मी नव्या मुलांना सांगत असे.

खांडबाऱ्याचा भाचा (धागाकर्ता)

सर्वांचे मनापासून आभार. भुसावळकर काका, आपले प्रत्येक उत्तर मी दोनदा वाचले. एक शेवटचा प्रश्न. पुढे आलेल्या नव्या डिझेल इंजिनांनी ही पकडीची अडचण कशी सोडवली? की फक्त अश्वशक्ती वाढवली?

जळगावचा यंत्रज्ञ

याचे उत्तर आपल्या मूळ प्रश्नालाच भिडते. ॲल्कोच्याच वंशातले डब्ल्यूडीजी-३ए हे खास मालगाडीचे इंजिन ३,१०० अश्वशक्तीचे आणि १२३ टनांचे आहे. वजन वाढवले, मोटारींचा दातेरी चाकांचा मेळ ओढीच्या बाजूने बदलला, बोगीची रचना सुधारली, आणि सुरुवातीची ओढ सुमारे ३८ टनांवर गेली. त्यानंतर १९९९ मध्ये अमेरिकेच्या ईएमडी घराण्यातले डब्ल्यूडीजी-४ आले. वजन १२६ टन, सुरुवातीला ४,००० अश्वशक्ती, आणि ओढ ५४० किलोन्यूटन, म्हणजे ५५ टन.

डब्ल्यूडीएम-२ शी तुलना करा. अश्वशक्ती दीडपट झाली, वजन जेमतेम बारा टक्क्यांनी वाढले, पण ओढ पावणेदोन पटींहून अधिक झाली. जुने इंजिन स्वतःच्या वजनाच्या २७ टक्के ओढू शकत होते, नवे सुमारे ४४ टक्के ओढते. रूळ तेच, लोखंड तेच. फरक त्रिफेज मोटारींचा आणि त्यांना क्षणोक्षणी सांभाळणाऱ्या इलेक्ट्रॉनिक नियंत्रणाचा आहे. चाक घसरण्याच्या अगदी काठावर असते तेव्हा पकड सर्वांत जास्त मिळते, आणि ही यंत्रणा चाकाला त्या काठावर धरून ठेवते. जुन्या इंजिनावर हेच काम ड्रायव्हरचा कान, त्याचा हात आणि वाळूचे पेडल करत होते.

भुसावळकर

मी नोकरीच्या शेवटच्या वर्षांत ते इंजिन चालवले. पहिल्यांदा चढावर गाडी उचलली तेव्हा माझा हात सवयीने नॉच खाली घेण्याच्या तयारीत होता, पण तशी वेळच आली नाही. त्याचा मला आनंद झाला. ज्यांनी जुन्या इंजिनांवर रात्र-रात्र काढल्या आहेत, त्यांना सोपे झालेले काम कमी दर्जाचे वाटत नाही.

खांडबाऱ्याचा भाचा (धागाकर्ता)

काल मामांना फोन केला आणि हा सगळा धागा वाचून दाखवला. त्यांचे वय आता ८१ आहे, पण ती संध्याकाळ त्यांना आठवते. वाळूचा भाग आला तेव्हा त्यांनी मला थांबवले. दुसऱ्या दिवशी सकाळी ते बैल घेऊन रुळांजवळून जात होते, तेव्हा गाडी जिथे उभी होती तिथून पुढे शंभरेक पावलांपर्यंत दोन्ही रुळांच्या कडेला पांढरट भुकटी पडलेली त्यांनी पाहिली होती. कोणाच्या पोत्यातून पीठ सांडले असावे असे त्यांना वाटले, म्हणून त्यांनी चिमूटभर उचलून बोटांत चोळून पाहिले. ती खरखरीत लागली, तेव्हा त्यांनी ती टाकून दिली आणि कोणाला काही सांगितले नाही.

भुसावळकर

चाकाखाली दळली गेलेली वाळू तशीच दिसते. मामांना माझा नमस्कार सांगा.